बेकरीची वही पुढच्या पिढीला देताना

पिढ्यान्‌पिढ्या चाललेल्या बेकरीत एक वही असतेच. तुपकट पानं, कडेला पेन्सिलीने केलेल्या बेरजा आणि मजकूर साधारण असा: 'मैदा एक पोतं, मीठ दहा मुठी, यीस्ट दोन वड्या, पाणी लागेल तसं.' लिहिणाऱ्याचं यावर भागत होतं, कारण मूठ त्याचीच होती. धंदा दुसऱ्या हातात गेला की ब्रेड बिघडतो आणि खापर मैद्यावर फुटतं.

यावरचा उपाय जुना हात कामावर असेपर्यंतच करता येतो. 'मीठ किती घालता?' असं विचारण्यात अर्थ नाही; सवयीच्या हाताला आकडा माहीत नसतो आणि सांगितला तर बहुधा चुकतो. मिठाचा डबा आणि पाण्याची बादली पीठ भिजवण्याआधी तोला, भिजवून झाल्यावर पुन्हा तोला. फरक हेच खरं माप. असं चार-पाच दिवस करून सरासरी घ्या. मग मैदा १०० धरून बाकी सगळं टक्क्यांत मांडा. ५० किलो मैद्याला ३१ किलो पाणी म्हणजे ६२ टक्के, १ किलो मीठ म्हणजे २ टक्के. साध्या ब्रेडचं मीठ १.८ ते २.२ टक्क्यांच्या फार बाहेर निघालं, तर आधी तोलण्यातली चूक शोधा. मीठ कमी पडलं की पीठ चिकट होतं, यीस्ट मोकाट सुटून साखर फस्त करतं आणि ब्रेडला वरून रंग चढत नाही.

यीस्टची ओळ जपून वाचा. 'वडी' म्हणजे ताजं यीस्ट. कोरडं दाणेदार यीस्ट दुसऱ्या महायुद्धाच्या काळात आलं आणि थेट मैद्यात मिसळायचं इन्स्टंट १९७० च्या दशकात. १ किलो ताज्या यीस्टऐवजी इन्स्टंट साधारण ३३० ग्रॅम पुरतं. वहीतलंच वजन इन्स्टंटने भरलं तर पीठ भराभर चढतं, दारूसारखा वास मारतं आणि भट्टीत गेल्यावर बसतं. त्याहून जुन्या पानांवर यीस्ट नसतंच, 'कालचं पीठ' असतं. 'पूर्वीची चव राहिली नाही' ही तक्रार खरी असते, पण दोष कारागिराचा नाही. आठ-दहा तास आंबणारं पीठ दोन तासांत उरकलं, तर चव यायची कुठून? रोजच्या पिठातला पाचवा हिस्सा झाकून रात्रभर ५ अंशांच्या आसपास ठेवा, दुसऱ्या दिवशी नव्या पिठात मळा आणि यीस्ट थोडं कमी करा. बराचसा फरक तेवढ्यानेच भरून निघतो.

मळायचं मशीन आलं आणि ब्रेड आंबट लागू लागला, हेही नेहमीचंच. मशीनच्या घर्षणाने पीठ तापतं आणि जास्त भराभर आंबतं. पीठ २६ अंशांवर हवं असेल तर मैदा, खोली आणि पाणी अशा तिघांसाठी २६ गुणिले ३ म्हणजे ७८. त्यातून मैद्याचे ३०, खोलीचे ३१ आणि घर्षणाचे १० अंश वजा करा. उरले ७. पाणी ७ अंशांचं हवं, म्हणजे बर्फ आलाच. नळाचं २८ अंशांचं पाणी घातलं तर पीठ ३३ वर जातं. घर्षणाचा आकडा मशीनगणिक बदलतो, म्हणून मळून झाल्याबरोबर पिठात थर्मामीटर खुपसून तो एकदा उलट गणिताने काढून ठेवा.

भट्टीचं दुखणं वेगळं. लाकडांवर चालणारी विटांची भट्टी पेटवून साफ केली की तापमान उतरत जातं. २४०-२५० अंशांवर साधा ब्रेड, २०० च्या आसपास गोडे बन, १७० ला बिस्किटं आणि शेवटच्या उष्णतेवर रात्रभर टोस्ट वाळवायचे. वहीतले पदार्थ याच क्रमाने बेतलेले असतात. जुने कारागीर चिमूटभर मैदा भट्टीच्या तळावर फेकतात. लगेच काळा पडला तर थांबायचं, सावकाश तपकिरी झाला तर माल आत. विजेच्या ओव्हनमध्ये तापमान आपोआप उतरत नाही. ते हाताने उतरवावं लागतं: पहिली दहा मिनिटं २४०, मग २१०. शिवाय विटांची भट्टी गच्च भरून दार लावलं की पिठातलीच वाफ आत कोंडते. अर्धा रिकामा ओव्हन कोरडा राहतो, ब्रेडची साल लवकर कडक होते आणि मग तो कुशीत फाटतो. सुरुवातीला ओव्हनच्या आत वाफ सोडलीत तर हे टळतं.

जिवंत आंबवण, म्हणजे मैदा-पाणी घालून जपलेलं आंबलेलं पीठ, असेल तर त्याची जोडप्रत हवीच. बटर पेपरवर पातळ थर पसरा, सावलीत कडकडीत वाळवा, चुरून हवाबंद बरणीत ठेवा. कोमट पाण्यात भिजवून रोज मैदा-पाणी घातलं की चार-पाच दिवसांत जागं होतं. भावांच्या वाटणीत भांडण भट्टीवरून आणि पाटीवरच्या नावावरून होतं. आंबवणावरून होऊ नये. अर्धं नेलं तरी आठवड्याभरात दोघांकडे पूर्ण असतं.