गाळलेलं चौथं कडवं

एम.ए.च्या वर्गात अमेरिकन कवयित्री एमिली डिकिन्सनची ‘बिकॉज आय कुड नॉट स्टॉप फॉर डेथ’ शिकवत होते. एक विद्यार्थिनी मोबाइलवरून कविता मोठ्याने वाचत होती. तिसरं कडवं संपलं आणि मागून आवाज आला, “मॅडम, हिने एक कडवं सोडलं.” तिने काही सोडलं नव्हतं. तिच्याकडे पाचच कडवी होती, वर ‘द चॅरिअट’ असं शीर्षक होतं. बाकीच्यांच्या पुस्तकात सहा कडवी, शीर्षक नाही आणि ओळीओळीत डॅश.

तिची प्रत प्रोजेक्ट गुटेनबर्ग या फुकट पुस्तकांच्या संकेतस्थळावरची, म्हणजे 1890 च्या पहिल्या संग्रहातली होती. डिकिन्सन 1886 मध्ये वारली. त्यानंतर मेबल लूमिस टॉड आणि थॉमस वेंटवर्थ हिगिन्सन यांनी तो संग्रह काढला. त्यांनी शीर्षकं दिली, विरामचिन्हं बदलली, यमकं जुळवली. हस्तलिखितांशी प्रामाणिक असलेली थॉमस जॉन्सन यांची आवृत्ती यायला 1955 उजाडलं, आणि तिच्यावर प्रताधिकार आहे. त्यामुळे जालावर फुकट मिळणारी डिकिन्सन बहुतेकदा 1890 च्या दशकातलीच असते. मुलांना हे कुणी सांगितलेलं नसतं.

ठरलेलं व्याख्यान बाजूला ठेवून प्रोजेक्टरवर एमिली डिकिन्सन अर्काइव्ह उघडलं. 2013 पासून तिची हस्तलिखितं तिथे सगळ्यांना खुली आहेत. या कवितेचा कागद हार्वर्डच्या हॉटन ग्रंथालयात आहे. तिने स्वतः दोऱ्याने शिवलेल्या चाळीस वह्यांपैकी एकीतला. पडद्यावर तिचं अक्षर आलं आणि वर्ग पुढे सरकला.

मग ते चौथं कडवं वाचलं. कवितेत मृत्यू सभ्य पाहुण्यासारखा गाडी घेऊन येतो आणि बोलणारी त्याच्यासोबत निघते. आम्ही सूर्याला मागे टाकलं, असं आधीच्या कडव्यात म्हणणारी ती इथे स्वतःला दुरुस्त करते: नाही, त्यानेच आम्हाला मागे टाकलं. दव पडतं, अंगावर झिरझिरीत कपडे, गारठा. पुस्तकवाल्यांपैकी एकजण म्हणाला, “हे काढलं तर मृत्यू शेवटपर्यंत सभ्य पाहुणाच राहतो. तिला थंडी वाजतच नाही.” याहून नेमकं मी बोलू शकले नसते. पाचव्या कडव्यात तिने ‘ग्राउंड’ हा शब्द दोन ओळींच्या शेवटी तसाच ठेवलाय; संपादकांनी दुसऱ्या जागी ‘माउंड’ घालून यमक साधलं. मला तो दोनदा येणारा ‘ग्राउंड’च हवा. पुरलेल्या घराजवळ, म्हणजे थडग्याजवळ, दुसरा कुठला शब्द सुचणार?

“मग परीक्षेत कोणती लिहायची?” हा प्रश्न आलाच. कोणतीही लिहा, पण उताऱ्याखाली आवृत्तीचं साल हवं, असं मी ठरवून टाकलं.

मोबाइलवाल्या मुलीने ट्युटोरियलसाठी 1890 ची पाच कडव्यांचीच कविता घेतली. तिचं म्हणणं असं की, 1955 पर्यंत जगाने हीच वाचली, तर त्या वाचकांना काय मिळालं हेही कुणीतरी पाहायला हवं. मी लगेच होकार दिला.