रॉड बदलला, आकडा तोच राहिला

जुलैचा दुसरा आठवडा होता. नवी मुंबईत पाऊस असा लागला की आमच्या मैदानावर घोटाभर पाणी साचतं आणि गोळाफेकीचं वर्तुळ नेमकं कुठे आहे तेही दिसत नाही. त्यामुळे गोळ्याची आणि थाळीची अकरा मुलं सकाळी सातलाच शाळेच्या व्यायामखोलीत आली होती. खोली छोटी आहे. पाठीवर पडून छातीवरून रॉड वर ढकलायचा एक बेंच, स्क्वॉटचा म्हणजे खांद्यावर रॉड घेऊन बैठका मारायचा एक स्टँड, जुना पाच फुटी रॉड, भिंतीला टेकवलेल्या बिडाच्या प्लेट. आणि जूनमध्ये आलेला नवा सात फुटी ऑलिंपिक रॉड, त्याच्या रबरी प्लेटसकट.

मी दाराजवळ दोन मुलींना स्टँडची पिन कोणत्या भोकात लावायची ते दाखवत होतो. स्क्वॉटसाठी रॉड काखेच्या पातळीला हवा. वर असला तर टाचा उचलून काढावा लागतो, आणि थकल्यावर परत ठेवताना टाचा उचलल्या जात नाहीत. तेवढ्यात मागे बेंचच्या हुकातून रॉड निघाल्याचा खण्ण आवाज आला. त्यानंतर एक आवाज यायला हवा होता, रॉड वर ढकलताना सोडलेल्या श्वासाचा. तो आला नाही, म्हणून मी वळलो.

अकरावीतला मुलगा रॉडखाली अडकला होता. रॉड छातीवर टेकलेला, डावीकडे कललेला. मनगटं मागे दुमडलेली आणि अंगठे बोटांच्याच बाजूला. गरज पडली तर रॉड धरायला, म्हणजे सपोर्टला, उभा केलेला त्याचा मित्र पायांकडे उभा होता आणि तिथून त्याला काहीच करता येत नव्हतं. मी डोक्याकडून रॉड धरला, त्याला म्हटलं, ‘सोडू नकोस, तूही ढकल,’ आणि दोघांनी मिळून रॉड हुकात ठेवला. सगळं मिळून दहा सेकंदसुद्धा झाली नसतील.

त्याला उठवून बसवलं. खोल श्वास घेताना दुखतं का, छातीच्या मधल्या हाडावर बोट दाबल्यावर एका ठिकाणी टोचतं का, हाताला मुंग्या आहेत का, हे विचारलं. दाबल्यावर दुखत होतं, म्हणून घरी फोन केला. मग विचारलं, ‘किती लावलं होतंस?’

‘नेहमीचंच, सर. पंधरा-पंधरा.’

तो खरं बोलत होता. रॉडच्या दोन्ही टोकांना पंधरा-पंधराच होत्या.

व्यायामशाळेत पोरं वजन असंच सांगतात. ‘दहा-दहा मारतो’, ‘वीस-वीस मारतो’. म्हणजे एका बाजूची प्लेट आणि दुसऱ्या बाजूची प्लेट. रॉडचं वजन कोणी हिशेबात धरतच नाही. एकाच व्यायामशाळेत, एकाच रॉडवर आयुष्य काढायचं असेल तर या मोजणीने काही बिघडत नाही, कारण चूक रोज तेवढीच राहते. आमच्याकडे रॉड बदलला. जुना पाच फुटी रॉड आठ किलोचा. त्यावर पंधरा-पंधरा म्हणजे ३८ किलो. नवा वीस किलोचा. त्यावर पंधरा-पंधरा म्हणजे ५०. आकडा तोच राहिला आणि वजन बारा किलोंनी वाढलं.

हे बारा किलो त्याला का उचलले नाहीत, तेही वहीत दिसतं. आदल्या आठवड्यात त्याने ३८ किलो सलग आठ वेळा उचललं होतं, आणि आठवा रेप, म्हणजे आठवी उचल, कसाबसा गेला होता. एकदाच उचलता येईल असं जास्तीत जास्त वजन किती, याचा अंदाज काढायची एक सोपी रीत आहे. वजन गुणिले रेप, त्याला ३० ने भागायचं आणि येईल ते मूळ वजनात मिळवायचं. ३८ गुणिले ८ म्हणजे ३०४. भागिले ३० म्हणजे साधारण १०. म्हणजे त्याची कमाल ४८ च्या आसपास. हा अंदाजच असतो, आणि दहाच्या पुढच्या रेपना तो फारसा जुळत नाही. पण इथे तो पुरेसा आहे. ५० किलो त्याच्याच्याने एकदाही वर जाणार नव्हतं. खाली मात्र आलं, कारण जे वजन ढकलता येत नाही तेही काही क्षण पेलत खाली आणता येतं. शरीर खाली येताना सांगत नाही की वर जाणार नाही. बेंचवरची ही सगळ्यात फसवी गोष्ट आहे.

बाकीच्या दोन चुका रॉड कलण्याच्या आणि मनगटांच्या. नव्या रॉडच्या खरबरीत भागात दोन गुळगुळीत कडी आहेत, एकमेकींपासून ८१ सेंटिमीटरवर. दोन्ही हात कड्यांपासून सारख्या अंतरावर धरायचे, यासाठीच ती असतात. जुन्या रॉडवर ती नव्हती, आम्ही चिकटपट्टी लावली होती. नव्यावर चिकटपट्टी दिसली नाही म्हणून त्याने अंदाजाने धरलं आणि डावा हात तीन बोटं बाहेर गेला. अंगठ्याचं कारण वेगळं. मोबाइलवरच्या व्हिडिओंत दणकट माणसं अंगठा न गुंडाळता बेंच मारतात. ती पकड व्यायामशाळांत ‘सुसाइड ग्रिप’ या नावानेच ओळखली जाते, आणि ते नाव खरं आहे. अंगठा रॉडला वेढा घालत नसला तर घामेजलेल्या तळव्यावरून रॉड घरंगळू शकतो, आणि खाली छाती किंवा गळा असतो. आमच्या खोलीत ही पकड कोणालाही चालणार नाही, कितीही वर्षं झाली असली तरी.

त्या दिवशीचा उरलेला सराव थांबवला. समोरच्या रद्दीवाल्याला विनंती करून त्याचा इलेक्ट्रॉनिक काटा अर्ध्या दिवसासाठी आणला आणि खोलीतली एकेक वस्तू त्यावर ठेवली. रॉड आडवा मावत नाही. तो काट्याच्या मधोमध उभा करायचा, एकाने वरून दोन बोटांनी नुसता तोल सांभाळायचा, दाबायचा नाही. नवा रॉड बरोबर २० भरला. जुना ८.२.

धक्का बिडाच्या प्लेटनी दिला. ‘१०’ असा उठाव असलेल्या चार प्लेट होत्या. एक ९.४ भरली, एक १०.६, उरलेल्या दोन दहाच्या अलीकडे-पलीकडे. ओतकामात फरक पडतोच, शिवाय गंज चढतो, त्यावर दर वर्षी ऑइल पेंटचा हात. ९.४ आणि १०.६ या दोन प्लेट रॉडच्या दोन टोकांना लागल्या तर एक बाजू १.२ किलोने जड होते. एका मुलीची तक्रार होती की खांद्यावरून ढकलताना तिचा रॉड नेहमी उजवीकडे झुकतो, आणि मी तिचा उजवा खांदा तपासत बसलो होतो. प्रत्येक प्लेटवर पांढऱ्या रंगाने खरं वजन लिहिलं आणि जवळच्या वजनांच्या जोड्या लावल्या. नव्या रॉडवर जुन्या प्लेट चढत नाहीत हे एक बरं. ऑलिंपिक रॉडचं टोक ५० मिलिमीटर जाडीचं असतं आणि जुन्या प्लेटचं भोक जेमतेम ३०. नाहीतर गोंधळ आणखी वाढला असता.

भिंतीवर आता खडूने कोष्टक आहे. पहिल्या ओळीत रिकामा रॉड, २०. खाली पाच-पाच म्हणजे ३०, दहा-दहा म्हणजे ४०, असं पुढे. रॉड हुकातून काढण्याआधी मुलाने एकूण आकडा मोठ्याने सांगायचा आणि सपोर्टवाल्याने प्लेट बघून ‘बरोबर’ म्हणायचं. पंधरा-पंधरा हा शब्द खोलीत चालत नाही.

सपोर्ट कसा द्यायचा, हे मी त्या दिवसापर्यंत नीट शिकवलंच नव्हतं. ‘कोणीतरी उभं राहा’ एवढंच सांगत होतो. सपोर्टवाला डोक्याकडे उभा राहतो, एक पाय पुढे, गुडघे किंचित वाकलेले. उचलणाऱ्याच्या हातांच्या आतून रॉड धरायचा, एक तळवा वर आणि एक खाली. त्याने रॉड घरंगळत नाही. सुरू करण्याआधी दोन प्रश्न: किती रेप मारणार? आणि रॉड उचलून देऊ की स्वतः काढणार? रॉड वर जात असेपर्यंत हात लावायचा नाही, नुसते जवळ ठेवायचे. उगाच बोट लावलं की किती ताकद त्याची आणि किती आपली, ते दोघांनाही कळत नाही. रॉड मध्येच थांबला किंवा उलटा खाली यायला लागला, किंवा खालून उचलणाऱ्याचं ‘घे’ असं ऐकू आलं, की धरायचा. आणि एकदा धरला की हुकात बसेपर्यंत सोडायचा नाही. मुलं नेमकं इथे चुकतात. रॉड हुकाला लागला की त्यांना वाटतं झालं, आणि हुकाच्या कडेवरून रॉड घसरतो.

पालकांच्या बैठकीत एकांनी विचारलं की प्लेट सरकू नयेत म्हणून टोकांना लावायचे लॉक लावलेच नसते तर मुलगा रॉड वाकडा करून प्लेट पाडू शकला असता ना? प्रश्न चांगला होता. एका बाजूच्या प्लेट पडल्या की दुसरी बाजू एकदम भारी होते, रॉड उलट्या बाजूला झपकन फिरतो आणि शेजारी उभ्या असलेल्याला लागतो. अकरा मुलांच्या खोलीत हे चालणार नाही. त्यापेक्षा आम्ही बेंच स्क्वॉटच्या स्टँडमध्ये सरकवला आणि दोन्ही बाजूंचे आडवे पाइप खाली आणून लावले. पाइपची उंची अशी ठेवायची की छाती फुगवून पाठ थोडी कमानीत ठेवली की रॉड छातीला टेकतो, आणि श्वास सोडून पाठ सपाट केली की रॉड पाइपवर बसतो. रिकाम्या रॉडने प्रत्येकासाठी तपासून घ्यावं लागतं, कारण बारावीतला पोरगा आणि नववीतली मुलगी यांच्या छातीच्या उंचीत एका भोकाचा फरक पडतो. एवढं करायला तीन मिनिटं लागतात. हे आधीच करायला हवं होतं.

संध्याकाळी मुलाची आई आली. एक्स-रेमध्ये हाड शाबूत होतं, मुका मार होता, डॉक्टरांनी दहा दिवस छातीचा व्यायाम बंद सांगितला होता. त्या मला रागावल्या नाहीत. ‘सर, या वयात वजन उचललं की उंची खुंटते म्हणतात. बंदच करू का त्याचं?’ एवढंच त्यांनी विचारलं.

हा प्रश्न मला दर वर्षी निदान चार पालक विचारतात. मी त्यांना म्हटलं, ‘ताई, वजन उचलल्याने उंची खुंटते असं कुठेही दिसून आलेलं नाही. नीट शिकवलेला, माणूस समोर उभा असलेला व्यायाम या वयाला चालतो. मुलांना इजा होते ती कमाल वजन आजमावताना, चुकीच्या पद्धतीने उचलताना आणि कोणी बघत नसताना. त्याच्या बाबतीत आज तिन्ही एकदम झालं, आणि ती चूक त्याची नाही.’ नवा रॉड आल्या दिवशीच मी त्याचं वजन त्यावर लिहून मुलांना सांगायला हवं होतं, हेही त्यांना सांगितलं.

दहा दिवस बेंच बंद म्हणून मुलगा खचला होता. मला त्यात अडचण वाटली नाही, उलट हवंच होतं. बेंच हा पोरांचा लाडका व्यायाम आहे, पण गोळ्यासाठी तो तिसऱ्या-चौथ्या क्रमांकाचा. आपण गोळाफेक म्हणतो खरं, पण गोळा फेकायचा नसतो, ढकलायचा असतो. नियमच तसा आहे. सुरुवातीला गोळा मानेला किंवा हनुवटीला लागून किंवा अगदी जवळ असला पाहिजे, हात तिथून खाली येता कामा नये आणि गोळा खांद्यांच्या रेषेच्या मागे नेता येत नाही. हे ढकलणं जमिनीतून सुरू होतं. पाय, मग कंबर, मग छाती, आणि हात सगळ्यात शेवटी. वर्तुळ फक्त २.१३५ मीटर व्यासाचं, त्यात वेग पायांनीच मिळवायचा. मी मुलांना सांगली जिल्ह्यातले सचिन खिलारी यांची फेक दाखवतो. २०२४ च्या पॅरिस पॅरालिम्पिकमध्ये एफ ४६ या, हाताच्या अपंगत्वाच्या गटात त्यांनी १६.३२ मीटरवर रौप्यपदक मिळवलं. हाताकडे नका बघू, पाय बघा, म्हणतो. म्हणून त्या दहा दिवसांत त्याला स्क्वॉट दिला, तोही आधी छातीशी धरलेल्या एका डंबेलने, आणि कोरड्या वऱ्हांड्यात गोळ्याशिवाय पायांची हालचाल.

अकराव्या दिवशी तो बेंचवर आला. रिकामा रॉड, ३ बाय ८, म्हणजे आठ रेपचे तीन सेट, मध्ये दोन मिनिटं विश्रांती. पुढच्या वेळी अडीच-अडीच लावून २५. नंतर पाच-पाच, ३०. तिन्ही सेट सलग दोन दिवस स्वच्छ गेले तरच वजन वाढवायचं, आणि एका वेळी अडीच किलोच, असं ठरवलं आहे. अडचण इथेच येते. अडीच किलो वाढवायचे तर दोन्ही बाजूंना सव्वा-सव्वा लागतात, आणि सव्वाच्या प्लेट आमच्याकडे नाहीत. खरेदीच्या यादीत वीसच्या आणि पंधराच्या मोठ्या प्लेट पटकन मंजूर होतात, या छोट्या राहून जातात. त्यामुळे मुलं ३० वरून थेट ३५ वर उडी मारतात आणि अडकतात. मागणी पुन्हा दिली आहे. तोवर पायाला बांधायच्या एक-एक किलोच्या वजनपट्ट्या रॉडच्या दोन्ही टोकांना प्लेटच्या आत घट्ट गुंडाळतो. त्याही काट्यावर ठेवून बघितल्या, दोन्ही सारख्या आहेत.

काल त्याने तशा पट्ट्या बांधल्या, हात कड्यांवर मोजून ठेवले, अंगठे गुंडाळले आणि म्हणाला, ‘बत्तीस.’ डोक्याकडे उभ्या असलेल्या मित्राने दोन्ही टोकं बघितली आणि म्हणाला, ‘बरोबर.’