कार्ड बदलण्याआधी क्रोन तपासा

ऑफिसातला एखादा इंटरकॉम बंद पडला की पहिला संशय ईपीएबीएक्सच्या, म्हणजे ऑफिसातल्या फोन एक्स्चेंजच्या, कार्डावर घेतला जातो. महागडं कार्ड येतं, बसतं आणि बिघाड तसाच राहतो. तक्रार एकाच एक्स्टेंशनची असेल तर दोष बहुतेक वेळा तारेत, रोझेटमध्ये (भिंतीवरच्या फोन सॉकेटमध्ये) नाहीतर हँडसेटच्या कॉइल कॉर्डमध्ये असतो. म्हणून आधी नीट चालणारा दुसरा फोन त्याच्याच लाईन कॉर्डसकट लावून बघा. मात्र डिजिटल की-फोनच्या (एक्स्चेंजच्या खास बटणांच्या फोनच्या) पोर्टवर साधा फोन चालत नाही, तिथे तसाच की-फोन लागतो.

तरी डायलटोन नाही? मग एमडीएफकडे, म्हणजे सगळ्या फोनच्या तारा जिथे एकत्र जोडलेल्या असतात त्या चौकटीकडे, चला. क्रोनच्या (तारा खाचेत दाबून बसवायच्या पट्टीच्या) डिस्कनेक्शन मॉड्यूलमध्ये त्या फोनच्या तारांच्या जोडीवर डिस्कनेक्शन प्लग खोचला की एक्स्चेंज यंत्राची बाजू आणि टेबलाकडे जाणारी केबल वेगळी होते. सगळ्या तपासणीतली सगळ्यात मोलाची पायरी हीच. मल्टिमीटर डीसीवर ठेवून यंत्राच्या बाजूला मोजा. यंत्राप्रमाणे 24 ते 48 व्होल्ट दिसायला हवेत. तिथेच टेस्ट फोन लावून डायलटोन मिळाला तर कार्ड ठणठणीत आहे. प्लग काढताच व्होल्टेज कोसळलं तर केबल शॉर्ट. ते तसंच राहिलं, पण टेबलावर शून्य आलं, तर तार मध्येच तुटलेली. यंत्राच्या बाजूलाच काही नसेल तर जंपर (जोडतार) दुसऱ्या चालू पोर्टवर टाकून बघा. पोर्ट गेलाय हे त्यानंतरच म्हणायचं.

पावसाळ्यातला दोष जास्त फसवा असतो. भिंतीत ओल, रोझेटच्या स्क्रूवर हिरवट गंज, आणि दोन तारांमध्ये थोडा करंट झिरपत राहतो. मग फोन एकदाच वाजून थांबतो, कारण रिसीव्हर उचलला असंच यंत्राला वाटतं. प्लग खोचलेला ठेवून, फोन काढून केबलचा रेझिस्टन्स मोजा. काही मेगाओम हवेत. आकडा दहा-वीस किलोओमवर आला किंवा सारखा हलत राहिला तर ओल धरलीच. प्रत्येक तार अर्थशीही मोजा. एकच तार अर्थला गळत असेल तर लाईनवर हम, म्हणजे सततची गुणगुण, ऐकू येतो.

क्रोनमध्ये तार स्क्रूड्रायव्हरने दाबू नका, आतली पाती फाकतात आणि संपर्क कायमचा ढिला होतो. पंचिंग टूलच वापरा. इन्सुलेशन सोलायची गरज नाही, आणि एका खाचेत एकच तार.

हम सगळ्याच एक्स्टेंशनवर असेल तर पॉवर सप्लाय बघा. फुगलेले कपॅसिटर बदलताना मायक्रोफॅरड तेवढेच, व्होल्टेज तेवढं किंवा जास्त, आणि 105 अंशांचे घ्या. मुख्य कपॅसिटरवर 230 व्होल्टच्या मेन्समुळे सव्वातीनशेच्या आसपास डीसी असतं. बंद केल्यावरही तो डिस्चार्ज झाल्याची मीटरने खात्री केल्याशिवाय बोट लावू नका. कार्ड काढतानाही आधी मेन्स आणि बॅटरी दोन्ही बंद.

वीज कडाडल्यावर बाहेरची (टेलिफोन कंपनीकडून येणारी) ट्रंक लाईन मेली तर प्रोटेक्शन मॉड्यूलमधली जीडीटी (जास्तीचं व्होल्टेज अर्थमध्ये सोडणारी गॅस ट्यूब) शॉर्ट झालेली असू शकते. ती काढताच लाईन परत येते आणि ती जागा रिकामीच राहते, हे फार धोक्याचं. त्याच रेटिंगची नवी बसवा आणि तिची अर्थ वायर एमडीएफच्या अर्थ बारला घट्ट आहे ना ते तेव्हाच बघा, नाहीतर पुढच्या वेळी तो दणका सरळ ट्रंक कार्डावर जाईल.