आपले रोग, आपले वाण: जनुक संपादनाकडून विदर्भाने काय मागावे

सोयाबीन फुलोऱ्यातून शेंगा धरण्याच्या बेतात असते, नेमक्या त्याच वेळी एखाद्या तासातल्या दोन-चार झाडांच्या शेंड्याकडच्या पानांवर पिवळे-हिरवे चट्टे दिसू लागले, की आमच्या वाशीम जिल्ह्यातल्या शेतकऱ्याच्या मनात धास्ती बसते. पिवळ्या मोझॅकचा विषाणू पांढरी माशी एका झाडावरून दुसऱ्या झाडावर नेते आणि तो एकदा झाडात शिरला, की त्या झाडाला बरे करणारे औषध कुठल्याही कृषी केंद्रात मिळत नाही. रोगट झाडे उपटणे, पिवळे चिकट सापळे लावणे आणि माशीसाठी कीटकनाशक फवारणे एवढेच हाती उरते. 2023 च्या खरिपात पूर्व विदर्भातल्या कित्येक शिवारांत हा रोग आणि त्याच्या जोडीला खोडकुज व मूळकुज आली, तेव्हा काढणीचा खर्चही निघणार नाही हे ओळखून अनेकांनी उभ्या पिकात रोटाव्हेटर फिरवला. फवारणीची किंमतही केवळ पैशांत मोजता येत नाही. 2017 साली यवतमाळ जिल्ह्यात फवारणीतून विषबाधा होऊन वीसहून अधिक शेतकरी आणि शेतमजूर दगावले. ज्या वाणाला मुळात कमी फवाऱ्यांची गरज पडते, तो वाण आपल्याकडे माणसाचा जीव वाचवणारा ठरू शकतो, असे मी पूर्ण विचारांती म्हणतो.

म्हणूनच जनुक संपादनाविषयी आपल्या गावांत नीट बोलले गेले पाहिजे. आज हा विषय निघाला की लोक थेट बीटी कपाशीवर येतात आणि ते स्वाभाविक आहे, कारण 2002 पासून आपण तिचे दोन्ही चेहरे पाहिले: सुरुवातीला बोंडअळी आटोक्यात आली आणि पुढे गुलाबी बोंडअळीने बीटी कपाशीतल्या अळीनाशक विषाला दाद देणे सोडले. परंतु बीटीमध्ये जमिनीतल्या एका जिवाणूचे जनुक कपाशीत आणून बसवलेले आहे, तर जनुक संपादनात पिकाच्या स्वतःच्याच जनुकातला ठरावीक तुकडा कापून बदलता येतो. त्यासाठी वापरली जाणारी क्रिस्पर-कॅस9 ही पद्धत एमान्युएल शार्पेंतिए आणि जेनिफर डाउडना यांनी 2012 मध्ये मांडली आणि 2020 मध्ये त्यांना रसायनशास्त्राचे नोबेल मिळाले. कापणारे प्रथिन आणि त्याला जागा दाखवणारा आरएनए यांची जनुके बहुधा आधी झाडात सोडावी लागतात. मात्र बदल झाल्यानंतर पुढच्या पिढीतून, ज्यांत ती जनुके उतरलेली नाहीत अशीच रोपे निवडता येतात. याच आधारावर मार्च 2022 मध्ये केंद्रीय पर्यावरण मंत्रालयाने, बाहेरचा डीएनए शिल्लक नसलेल्या अशा पिकांना जनुकीय बदल केलेल्या पिकांच्या कडक नियमांतून सूट दिली.

रोगप्रतिकाराच्या बाबतीत या पद्धतीचा खरा उपयोग कुठे आहे, हे धानाच्या उदाहरणावरून सर्वांत स्पष्ट होते, आणि गोंदिया-भंडाऱ्याच्या वाचकांना ते जवळचे वाटेल. कडा करपा घडवणारा झँथोमोनास हा जिवाणू पानात शिरल्यावर स्वतःची काही प्रथिने धानाच्या पेशीत सोडतो. ही प्रथिने धानाच्या स्वीट नावाच्या जनुकांच्या सुरुवातीच्या भागाला चिकटून ती जनुके चालू करतात, पेशीतली साखर बाहेर झिरपू लागते आणि त्या साखरेवर जिवाणू पोसला जातो. म्हणजे चोराने घरच्याच माणसाला फितवून धान्याची कोठी उघडून घ्यावी तसा हा प्रकार आहे. संशोधकांनी ती जनुके बंद केली नाहीत, कारण झाडाला त्यांची स्वतःसाठी गरज असते. जिवाणूचे प्रथिन जिथे चिकटते तेवढीच अक्षरे त्यांनी बदलली. आयआर 64 सारख्या वाणात स्वीट 11, 13 आणि 14 या तिन्ही जनुकांपुढच्या अशा जागा बदलून कडा करप्याच्या अनेक प्रकारांना दाद न देणारे धान तयार झाल्याचे 2019 मध्ये प्रसिद्ध झाले. रोग पिकाच्या ज्या दारातून आत येतो ते दार ओळखून बदलण्याची ही रीत नवीन नाही. जवाच्या एमएलओ नावाच्या जनुकात निसर्गतः बिघाड झालेली झाडे भुरीला बळी पडत नाहीत, आणि युरोपातले शेतकरी चार दशकांहून अधिक काळ असे वाण पेरत आले आहेत. गव्हात मात्र या जनुकाच्या सहा प्रती असल्याने योगायोगाने सगळ्या बिघडणे जवळजवळ अशक्य होते. ते काम 2014 मध्ये चीनमधल्या संशोधकांनी संपादनाने केले.

आता सोयाबीनच्या बाबतीत असे काही होईल का, हा प्रश्न आपल्यासाठी सर्वांत मोठा आहे आणि त्याचे उत्तर सोपे नाही. मोझॅकचा विषाणू डीएनए प्रकारचा आहे आणि तो झपाट्याने बदलतो. त्याच गटातल्या एका विषाणूविरुद्ध कसावात (ज्याच्या कंदापासून साबुदाणा बनतो ते पीक) क्रिस्परची कात्री थेट विषाणूवर चालवून पाहिली गेली, तेव्हा झाडे रोगमुक्त तर झाली नाहीतच, उलट त्या कात्रीला चुकवणारी विषाणूची रूपे निर्माण झाली, हे 2019 मध्ये समोर आले. याउलट टोमॅटोची पाने पिवळी पडून मुरडणारा रोगही याच कुळातल्या विषाणूचा आहे, आणि त्यात टोमॅटोच्याच पेलोटा नावाच्या जनुकात बदल केल्यावर झाडे तग धरू शकली. माझ्या समजुतीप्रमाणे सोयाबीनसाठी दुसरी वाट अधिक आशादायक आहे: विषाणूच्या मागे धावण्याऐवजी, त्याला झाडातली जी यंत्रणा वापरावी लागते ती शोधणे.

प्रत्येक रोगासाठी मात्र ही पद्धत हवीच असे नाही. तुरीच्या मर आणि वांझ रोगाला तोंड देणारे बीएसएमआर 736, बीएसएमआर 853 आणि आशा यांसारखे वाण साध्या पैदाशीतून केव्हाच मिळाले आहेत; तिथे शुद्ध बियाणे गावापर्यंत पोहोचवणे हेच खरे काम आहे. संत्र्याची गोष्ट वेगळी आहे. वरुड-मोर्शीच्या बागांत जंबेरीच्या खुंटावर डोळा भरलेली झाडे फायटोफ्थोरा या बुरशीसारख्या रोगजंतूने डिंक ओकत वाळतात, आणि झाडाची नवी जात पैदाशीने घडवायला एका माणसाचे उमेदीचे आयुष्य जाते. फ्लोरिडात ग्रेपफ्रूटचे एक जनुक संपादित करून खैऱ्या रोगाला दाद न देणारी रोपे तयार केली गेली आहेत. तशी नजर आपल्या खुंटांकडे वळावी, अशी माझी तळमळीची मागणी आहे, कारण लिंबूवर्गीय फळांची केंद्रीय संशोधन संस्था नागपुरातच आहे.

मे 2025 मध्ये देशातले पहिले दोन संपादित धान वाण जाहीर झाले, हैदराबादच्या संस्थेचा कमला आणि दिल्लीच्या संस्थेचा पुसा डीएसटी राइस 1. दोन्ही सार्वजनिक संस्थांचे आहेत, याचे मला मोठे समाधान वाटते. परंतु एकाचा भर उत्पादनावर आणि दुसऱ्याचा क्षार व ताण सोसण्यावर आहे. रोगाचा प्रश्न अजून मागेच आहे. शिवाय क्रिस्परचे मूळ पेटंट परदेशी संस्थांकडे आहेत, त्यामुळे बियाणे बाजारात आणताना परवान्याच्या अटी काय असतील हे शेतकऱ्यांना आधी कळले पाहिजे. संपादित वाणांच्या चाचण्यांची संपूर्ण माहिती लोकांसमोर ठेवावी, ही विरोधकांची मागणी मला रास्त वाटते; सूट मिळाली म्हणजे पारदर्शकताही सुटली, असा अर्थ कोणी काढू नये.

सोयाबीन हे स्वपरागित पीक आहे आणि आपल्याकडे घरचे बियाणे राखून, उगवणशक्ती तपासून पुन्हा पेरण्याची रीत आहे. 2001 च्या वाण संरक्षण कायद्यानेही शेतकऱ्याचा हा हक्क मान्य केला आहे. बीटी कपाशीच्या संकरित पाकिटासाठी दर हंगामात पैसे मोजणाऱ्या शेतकऱ्याला हा फरक वेगळा समजावून सांगावा लागत नाही. त्यामुळे अकोल्याच्या डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठाकडे आणि इंदूरच्या सोयाबीन संशोधन संस्थेकडे माझे मागणे नेमके आहे: मोझॅकला बळी पडणाऱ्या जेएस 335 सारख्या, शेतकऱ्याच्या हातात रुळलेल्या सरळ वाणांत मोझॅकविरोधी बदल करण्याचे काम हाती घ्यावे, त्याची परीक्षा काचगृहापुरती न ठेवता पांढऱ्या माशीचा जोर असलेल्या वाशीम, यवतमाळ आणि चंद्रपूरच्या शेतांत सलग काही खरीप घ्यावी, आणि त्या प्लॉटमधली एकरी झडती (उत्पादन) व रोगट झाडांची नोंद, हंगाम वाईट गेला तरीही, गावात वाचून दाखवावी.