दोन गुण आणि एक वेळापत्रक

नववीत ‘पहिल्या महायुद्धाची कारणे लिहा’ हा पाच गुणांचा प्रश्न हमखास यायचा. मी घोकलेलं धडाधड उतरवलं: साम्राज्यवाद, लष्करवाद, गुप्त करार, उग्र राष्ट्रवाद, साराजेव्होचा खून. गुण पडले दोन. समासात सरांची लाल शाई: ‘मग युद्ध १९०८ सालीच का झालं नाही?’

प्रश्न बोचरा होता. १९०८ मध्ये ऑस्ट्रियाने बोस्निया गिळला तेव्हाही माझी पहिली चारही कारणं हजर होती. सर्बिया चडफडला, पण जपानकडून नुकताच मार खाल्लेला त्याचा पाठीराखा रशिया मागे हटला आणि प्रकरण निवळलं.

दुसऱ्या दिवशी सरांनी फळ्याच्या एका टोकाला २८ जून १९१४ लिहिलं, १९ वर्षांच्या गाव्रिलो प्रिन्सिप या सर्ब तरुणाने साराजेव्होत ऑस्ट्रियाच्या युवराजाला गोळी घातली तो दिवस. मग वीतभर जागा कोरी सोडून २३ जुलै: सर्बियाला ४८ तासांची निर्वाणीची मुदत. पुढच्या तारखा मात्र एकमेकींना खेटून. २८ जुलैला ऑस्ट्रियाचं युद्ध, ३० ला रशियाची सैन्यजमवाजमव, १ ऑगस्टला जर्मनी, ४ ऑगस्टला बेल्जियमसाठी ब्रिटन. सर कोऱ्या जागेवर डस्टर आपटत म्हणाले, “कारणं इथे शोधा. या दिवसांत जर्मनीने ऑस्ट्रियाला सांगितलं, तुम्ही काहीही करा, आम्ही पाठीशी आहोत.”

तासाच्या शेवटी त्यांनी रेल्वेचं सांगितलं. ते तेव्हा डोक्यावरून गेलं. १ ऑगस्टच्या संध्याकाळी, फ्रान्स तटस्थ राहील अशा आशेवर, कैसरने, म्हणजे जर्मन सम्राटाने, सेनापती मोल्टकेला सगळं सैन्य रशियाकडे वळवायला सांगितलं. मोल्टके म्हणाला, जमणार नाही. सुमारे ११ हजार गाड्यांचं वेळापत्रक आधीच बांधलेलं होतं आणि त्यात आधी फ्रान्सवरची चढाई होती. (ती आशाही काही तासांत फोल ठरली, तो भाग वेगळा.)

पुढे मी एसटीत वाहतूक नियंत्रक झालो. युद्धानंतर जर्मन रेल्वे विभागाच्याच प्रमुखाने पुस्तक लिहून गाड्या वळवता आल्या असत्या असं मांडलं, हे अलीकडे वाचलं. असेलही. पण आषाढीच्या आदल्या रात्री पंढरपूरच्या जादा गाड्या कोल्हापूरला वळवा असं मला कोणी सांगितलं असतं, तर मीही रजिस्टर मिटून ‘जमणार नाही’ असंच म्हणालो असतो.