एल्व्हडनचा नातू, नाशिकची आजी

थेटफर्ड स्टेशनवर उतरले आणि टॅक्सीवाल्याला एल्व्हडनचं चर्च सांगितलं. इंग्लंडच्या सफक परगण्यातलं हे एवढंसं गाव. गारगोट्यांच्या भिंतींचं चर्च, बाहेर ओलं गवत आणि भिंतीलगत तीन कबरी. पंजाबचे शेवटचे शीख महाराजा दुलीपसिंग यांची सगळ्यांना ठाऊक आहे. दुसरी त्यांच्या पत्नीची, महाराणी बांबाची. मी आले होते ती तिसरीसाठी, त्यांच्या मुलाच्या.

एडवर्ड अल्बर्ट अलेक्झांडर दुलीपसिंग. जन्म २० ऑगस्ट १८७९, मृत्यू १ मे १८९३. चौदावं पूर्ण व्हायला चार महिनेसुद्धा उरले नव्हते. दगडावर शेवाळाचे करडे ठिपके चढलेत. तारखेवरून बोट फिरवलं तर टोक हिरवं झालं.

मी नाशिकची. रामकुंडाकडे जाताना माझी आजी सांगायची, ‘इथं पंजाबच्या राणीला अग्नी दिला होता गं.’ ती राणी म्हणजे जिंद कौर, रणजितसिंगांची राणी आणि या एडवर्डची आजी. इंग्रजांनी पंजाब खालसा केला तेव्हा दुलीप दहा वर्षांचा होता. मायलेकरांची ताटातूट त्याआधीच झाली होती, ती थेट १८६१ मध्ये कलकत्त्यात भेटेपर्यंत. लेकाबरोबर ती इंग्लंडला आली आणि १ ऑगस्ट १८६३ला लंडनमध्ये वारली. दहनाची सोय तिथं नव्हती. पुढच्या वर्षी दुलीप तिचा देह घेऊन मुंबईला आला. पंजाबात जायची परवानगी मिळाली नाही, म्हणून गोदाकाठी, पंचवटीत अग्नी दिला. मला हे वाचताना दरवेळी घशाशी आवंढा येतो: स्वतःच्या आईला स्वतःच्या मुलखात न्यायला परवानगी!

परतीच्या वाटेवर त्याने इजिप्तमध्ये बांबाशी लग्न केलं. पहिलं मूल जन्मताच गेलं, मग सहा जगली. एडवर्ड सगळ्यांत धाकटा. तो सहा वर्षांचा असताना बाप सगळ्यांना घेऊन हिंदुस्थानात परतायला निघाला, पण वाटेत एडन बंदरात इंग्रजांनी अडवलं. मुलं आईबरोबर इंग्लंडला परत आली, बाप पॅरिसला गेला. पुढच्याच वर्षी, १८८७ मध्ये, आई वारली. पुढं मुलं परक्यांच्या देखरेखीखाली वाढली. एडवर्डने हेस्टिंग्जला डोळे मिटले, आणि त्याच वर्षी ऑक्टोबरात पॅरिसमध्ये बापानेही. इतिहासात बापाचा हट्ट, खर्च, बंड यांवर पानंच्या पानं आहेत. या पोराच्या वाट्याला जेमतेम एखादी ओळ येते.

मी उकिडवी बसले होते, तेवढ्यात बर्मिंगहॅमहून आलेलं एक शीख कुटुंब आलं. त्यातल्या मावशींनी विचारलं, ‘बेटा, पंजाब से?’

‘नहीं, नाशिक से.’

‘नाशिक? जहाँ महारानी जिंदां…?’

मी मान हलवली. त्यांनी माझे दोन्ही हात हातात घेतले. तिथं आता काय आहे, असं विचारलं. मी सांगितलं, एडवर्डच्या थोरल्या बहिणीने, तिचंही नाव बांबाच, १९२४ मध्ये आजीची रक्षा लाहोरला नेली, रणजितसिंगांच्या समाधीपाशी.

मावशी बराच वेळ काही बोलल्या नाहीत. मग पिशवीतला झेंडूचा हार सोडवून त्यांनी फुलं सुटी केली आणि अर्धी माझ्या ओंजळीत घातली. ‘छोटे वाले को तुम चढ़ाओ,’ म्हणाल्या.