बर्फ पाडायची नोकरी

बडोद्यात परत आल्यापासून लग्नामुंजीत कोणी ना कोणी गाठतंच. "तू कॅनडात स्कीइंगच्या डोंगरावर कामाला होतीस ना? मग मस्त घसरता येत असेल!" येत नाही. जेमतेम उभी राहते. मी रात्री कामावर जायचे आणि सकाळी लोक स्की खांद्यावर टाकून यायला लागले की घरी झोपायला निघायचे. माझं काम बर्फ पाडायचं होतं.

झालं असं, की नवऱ्याला ओंटारिओतल्या एका लहान गावाजवळ नोकरी लागली. माझ्याकडे वर्क परमिट होतं, कलाभवनाची, म्हणजे बडोद्याच्या इंजिनिअरिंग कॉलेजची, मेकॅनिकलची डिग्री होती आणि मकरपुऱ्याच्या औद्योगिक वसाहतीत पंपांच्या टेस्ट बेडवर काढलेली काही वर्षं होती. पण 'इथला अनुभव' नाही म्हणून इंजिनिअरची नोकरी काही हाती लागेना. गावाबाहेर एक स्कीची टेकडी होती. पावागड पाहिलेल्या माणसाला तिला डोंगर म्हणवणार नाही, पायथ्यापासून माथा शंभर मीटरसुद्धा नसेल. दोरावरच्या खुर्च्यांतून वर नेणाऱ्या दोन लिफ्ट, लहान मुलांसाठी एक सरकता पट्टा, स्की भाड्याने द्यायची खोली आणि तेलकट वासाचं कॅन्टीन, एवढाच पसारा. दारावर पाटी होती, रात्रपाळीला माणसं हवीत. मी पंप कर्व्ह, एनपीएसएच असलं पंपांचं सगळं शास्त्र पाठ करून मुलाखतीला गेले. मॅनेजरने दोनच गोष्टी विचारल्या. होजचं भेंडोळं खांद्यावर घेऊन चढ चढशील का? आणि पहाटे तीन वाजता तुझी चिडचिड होते का? पहिल्याला हो म्हटलं. दुसऱ्याचं नवऱ्याला विचारा म्हटलं. लगेच रुजू करून घेतलं.

आपल्याला वाटतं, कॅनडा म्हणजे नोव्हेंबरपासून सगळीकडे बर्फच बर्फ. उत्तरेला असेल. दक्षिण ओंटारिओत थंडी कडाक्याची पडते, पण मधेच दोन दिवस पाऊस येतो आणि सगळं धुऊन नेतो. अशा बुटक्या टेकडीची वर्षाची कमाई नाताळची सुट्टी, फेब्रुवारीतला जोडून सुट्टीचा शनिवार-रविवार आणि मार्चमधली शाळांची आठवडाभराची सुट्टी, एवढ्यावर अवलंबून. नाताळला उतार बंद असला तर पुढे कितीही बर्फ पडो, तो खड्डा भरून निघत नाही. म्हणून नोव्हेंबरअखेरची एकेक थंड रात्र मोलाची, आणि त्या रात्री कारखाना पूर्ण ताकदीने चालला पाहिजे.

कारखानाच म्हणते मी त्याला. पायथ्याशी तळं. तळ्याकाठी पंपहाउस, शेजारच्या शेडमध्ये कंप्रेसर. तिथून पाण्याची आणि हवेची अशा दोन लाइनी उताराच्या कडेने वर गेलेल्या, ठरावीक अंतरावर हायड्रंट, म्हणजे लाइनीवरचे नळ, आणि हायड्रंटला होजने जोडलेल्या गन. गनच्या तोंडाशी पाण्याचे बारीक तुषार होतात. दाबातली हवा बाहेर पडताच फुगते आणि एकदम थंड होते, त्यात काही तुषार तिथल्या तिथे गोठून बर्फाचे कण होतात. बाकीचे तुषार त्या कणांना चिकटून खाली येता येता गोठतात. वरून पडलेल्या बर्फासारखी सहा पाकळ्यांची नक्षी नसते, नुसते बारीक गोल दाणे. पण ताज्या पडलेल्या बर्फापेक्षा हा चार-पाच पट घट्ट आणि जड, त्यामुळे पावसात त्याच्यापेक्षा जास्त तग धरतो.

आता बडोदेकरांना पटकन कळेल अशी गोष्ट. मे महिन्यात आपला डेझर्ट कूलर झकास चालतो आणि जुलैत तोच कूलर नुसतं घर दमट करतो. हवा कोरडी असली की पाण्याची वाफ होते, वाफ होताना उष्णता खेचली जाते, हवा गार होते. दमट हवेत वाफच होत नाही. गनमधून उडालेल्या थेंबाचंही हेच आहे, तो अंगातलं थोडं पाणी हवेला देऊन स्वतः गार होतो. त्यामुळे साधा थर्मामीटर काय दाखवतो याला आमच्या लेखी फारशी किंमत नव्हती. ओल्या फडक्यात गुंडाळलेला थर्मामीटर जे दाखवतो ते वेट बल्ब तापमान पाहायचं. ते उणे 2.5 च्या आसपास आलं की गन सुरू. हवेचं तापमान नुसतं शून्य असलं आणि आर्द्रता 50 टक्के असली तर वेट बल्ब उणे 3 च्या घरात जातो, म्हणजे काम चालू. उलट उणे 2 असूनही तळ्यावर धुकं साचलं असेल तर गनमधून चिखल तेवढा निघतो. आई व्हिडिओ कॉलवर रोज विचारायची, "आज किती उणे आहे गं?" मी म्हणायचे, "ड्राय का वेट?" दांडिया बाजारातल्या आमच्या घरात त्या महिन्यांत हा विनोद इतका झाला की बाबा स्वतःच फोन घेऊन आर्द्रता विचारायला लागले.

हा सगळा शोध 1950 सालचा. अमेरिकेत कनेटिकटमधल्या मिलफर्ड गावात वेन पियर्स, आर्ट हंट आणि डेव्ह रिची या तिघांचा स्की बनवायचा धंदा होता. हिवाळा कोरडा गेला, स्की कोण घेणार? त्यांनी रंग फवारायचा कंप्रेसर, एक नोझल आणि बागेला पाणी घालायचा पाइप जोडून बर्फ करून पाहिला. 1954 मध्ये पेटंट मिळालं. पुढे यात बरीच सुधारणा झाली. पाणी लवकर गोठावं म्हणून काही ठिकाणी त्यात स्यूडोमोनास सिरिंजी या जीवाणूपासून काढलेलं प्रथिन घालतात. हाच जीवाणू पिकांच्या पानांवर थोड्याशाच गारठ्यात दव गोठवून नुकसान करतो, त्याचा इथे उलटा उपयोग. आमची टेकडी असल्या चैनीतली नव्हती. आमच्याकडे तळ्याचं पाणी जसं येईल तसं.

पंपहाउस ज्याच्या हातात होतं तो साठीचा मेकॅनिक. तिकडे सगळे एकमेकांना नावाने हाक मारतात, मला ते जड जायचं. मनात मी त्यांना काकाच म्हणत असे. काका बोलायचे मोजकं. गनची परीक्षा कशी घ्यायची, हे त्यांनी तोंडाने सांगितलंच नाही. माझं मनगट धरून हात फवाऱ्याखाली नेला आणि जॅकेटची बाही पुढे केली. बर्फाचे दाणे बाहीवर आपटून उडून गेले, की ठीक. बाहीला चिकटून राहिले तर पाणी जास्त झालंय, हायड्रंट थोडा बंद करायचा. बाहीवर काचेसारखा पापुद्रा धरला तर गन सरळ बंदच करायची, कारण खाली उतारावरही तसलाच पापुद्रा तयार होतोय आणि सकाळी त्यावरून माणसं घसरायची आहेत. लाखो रुपयांची यंत्रं आणि अंतिम निकाल बाहीवर! मकरपुऱ्यात आमच्याकडे कॅलिब्रेशनचं सर्टिफिकेट असल्याशिवाय प्रेशर गेजला हात लावू देत नसत.

रात्रभर फेऱ्या. खालून वर, एकेक गन, बाही पुढे करायची, नोझलवर साचलेला बर्फ हातोडीच्या दांड्याने हळूच झाडायचा, वारा फिरला असेल तर गनचं तोंड फिरवायचं. फवारा लिफ्टच्या दोरावर जाता कामा नये, ही काकांची सक्त ताकीद. सुरू करताना आधी हवा, मग पाणी. बंद करताना आधी पाणी, मग हवा, म्हणजे होजमध्ये थेंब उरत नाही. उलटं केलं तर होज काठीसारखी कडक होते आणि मग ती पंपहाउसमध्ये ओढत नेऊन हीटरजवळ टाकून बसा.

एका रात्री फेरीवरून परतले तर पंपाचा आवाज बदललेला. पाणी कमी पडलं की पंपात बुडबुडे होऊन फुटतात, त्याला कॅव्हिटेशन म्हणतात. ते ऐकण्यात माझी उमेदीची वर्षं गेली आहेत, तो आवाज मी झोपेतही ओळखेन. सक्शनच्या जाळीवर मेपलची कुजकी पानं आणि बर्फाचा लगदा साचून पाणी कमी पडत होतं. मी बटणाकडे हात न्यायच्या आतच मोटर ट्रिप झाली. आता उतारावरच्या सगळ्या लाइनीत पाणी उभं. वर जाणारी लाइन गोठून फुटली तर हंगामच संपला. काका एकीकडून, मी दुसरीकडून, मिळतील ते ड्रेन व्हॉल्व्ह उघडत सुटलो. मग काकांनी लांब दांड्याच्या पंजाने जाळी साफ केली, मी पंप प्राइम करून, म्हणजे आधी पाण्याने भरून, परत चालू केला. तासभर गेला असेल. नंतर आम्ही पंपहाउसमध्ये बसून आईने पाठवलेला लीलो चिवडो खाल्ला. काकांनी त्यातली हिरवी मिरची सगळी वेचून बाजूला काढली आणि बाकीचं पाकीट संपवलं.

गनसमोर रात्रभर बर्फाचे ढीग होतात, माणसाच्या डोक्याहून उंच. ते लगेच पसरायचे नसतात, आतलं पाणी निथळू द्यायचं. मग ग्रूमर येतो, पट्ट्यांवर चालणारं अवाढव्य यंत्र. पुढे पाते, मागे फिरता टिलर, आणि त्याच्या मागे कॉर्डुरॉय कापडासारख्या बारीक रेघा उमटवणारी झालर. रेघा ओढून झाल्यावर दाणे एकमेकांना धरून घट्ट व्हायला काही तास लागतात, म्हणून ते काम रात्रीच उरकायचं. आमचा ग्रूमर जुना होता आणि तो चालवणारा माणूस उन्हाळ्यात मका पिकवायचा. तिकीट खिडकीवरच्या बाई आठवडाभर शाळेची बस चालवत. काका सकाळी सहाला पंप बंद करून तसेच लिफ्टकडे जात, कारण लिफ्टचे मेकॅनिकही तेच. रिकाम्या खुर्च्या फिरवून आवाज ऐकायचा, सगळे स्टॉप तपासायचे, डिझेलचं राखीव इंजिन सुरू करून पाहायचं, वहीत सह्या करायच्या. कॅनडात या लिफ्टसाठी झेड 98 नावाचं मानक आहे आणि त्याची वही काका रोज भरत. मोठ्या रिसॉर्टवर या प्रत्येक कामाला वेगळा विभाग असतो. मी तसलं एक नंतर पाहिलं, चकाचक होतं, पण तिथल्या पंपवाल्याला आपल्या पाण्याचा बर्फ कोणत्या उतारावर पडतो हेसुद्धा माहीत नव्हतं. मला ते काही फार मानवलं नसतं.

गर्दीच्या दिवशी रात्रपाळीवाल्यांनाही दिवसा बोलवायचे. एका शनिवारी मला भाड्याच्या खोलीत उभं केलं. ओल्या बुटांचा वास, रडणारी पोरं आणि फॉर्म. स्कीची बाइंडिंग, म्हणजे बूट धरून ठेवणारी पकड, किती घट्ट ठेवायची ते वजन, उंची, वय, बुटाच्या तळव्याची लांबी आणि तुम्हाला कितपत येतं यावरून तक्त्यात पाहून ठरतं. पडल्यावर बूट स्कीतून वेळेवर सुटला पाहिजे, नाहीतर पाय मोडतो. त्या दिवशी ब्रॅम्प्टनहून एक मोठं गुजराती कुटुंब आलं होतं. काकाश्रींनी फॉर्मवर वजन लिहिलं, 70. माझी नजर त्यांच्या पोटावर गेली. मी गुजरातीत विचारलं, "काका, साचुं वजन केटलुं?" ते दचकले, मग मागे उभ्या असलेल्या काकूंकडे पाहून हळूच म्हणाले, "बेन, अठ्ठ्यासी. पण मोटेथी ना बोलशो." वजन कमी सांगितलं की बाइंडिंग ढिली लागते आणि स्की चालता चालता सुटते. काकूंनी मात्र ऐकलंच. पुढचा अर्धा तास त्या रांगेत फक्त त्यांच्या जिलब्यांचा हिशोब चालला होता.

इकडे आल्यावर मामांनी टोकलं, "एवढं पाणी खेळण्यासाठी?" टँकरची वाट पाहिलेल्या माणसाचा प्रश्न आहे, उडवून लावता येत नाही. एक हेक्टर उतारावर 30 सेंटीमीटर थर द्यायला दहा लाख लिटरहून जास्त पाणी लागतं. त्यातलं बरंचसं वसंतात वितळून त्याच तळ्यात परत येतं, थोडं हवेत जातं. माझ्या मते खरा खर्च विजेचा. कंप्रेसर आणि पंप रात्रभर जे खातात ते परत येत नाही, आणि पुढच्या आठवड्यात पाऊस पडला की तेच काम पुन्हा करायचं. मामांना मी एवढंच सांगितलं. त्यांना ते पटलं नाही, आणि पटवायची मला फारशी हौसही नव्हती.

एप्रिलमध्ये लाइनी रिकाम्या केल्या, पंप उघडले. पंपाच्या आत पाणी मागे गळू न देणाऱ्या वेअर रिंग इतक्या झिजलेल्या होत्या की दाबाचा चांगला हिस्सा आतल्या आतच गळत होता. मी मापं घेतली, नव्या रिंगांची ऑर्डर व्यवस्थित लिहून काकांकडे दिली. त्यांनी ती वाचली, किंमत पाहिली, कोपऱ्यात 'पुढच्या वर्षी' लिहिलं आणि ड्रॉवरमध्ये ठेवली. ड्रॉवरमध्ये आधीच तशा बऱ्याच चिठ्ठ्या होत्या. आम्ही बडोद्याला परतल्यावर एका हिवाळ्यात त्यांचा फोटो आला. टेबलावर नव्या रिंगा, आणि खाली लिहिलेलं की वरच्या शेवटच्या हायड्रंटलाही आता पूर्ण दाब मिळतो.